नऊ सेकंदांचा कोळसा

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. १९७९ ते १९८१ या काळात ते उभे राहिले आणि माझ्या नोकरीचा बहुतेक काळ त्यांच्याच कंट्रोल रूममध्ये गेला. रात्री दोनच्या सुमारास कळव्याच्या लोड डिस्पॅच सेंटरमधून फोन यायचा, ‘लोड उतरवा, फ्रिक्वेन्सी वर चाललीय.’ उतरवा म्हणजे किती? साधारण १३० मेगावॉटच्या खाली गेलं की भट्टीतली ज्योत डळमळायला लागते, मग तेलाचे बर्नर लावावे लागतात आणि तेल कोळशापेक्षा कितीतरी महाग. बरं, संच पुरता बंद करावा तर टर्बाइनचा रोटर तापलेला असतो. एका जागी उभा ठेवला तर स्वतःच्या वजनानं वाकेल, म्हणून बॅरिंग गिअरवर तो तासन्‌तास संथ फिरवत ठेवायचा. थंड पडलेला संच पुन्हा पेटवून ग्रिडला जोडायचा म्हणजे अख्खी शिफ्ट जाते, कधी त्याहून जास्त. त्यामुळे सगळं नाशिक गाढ झोपलेलं असलं तरी कोळशाच्या मिल चालूच.

वीज लागत नसताना यंत्रानं काय करायचं, हा प्रश्न त्यामुळे माझ्या हाडात मुरलेला आहे. निवृत्तीनंतर तोच प्रश्न संगणकाच्या डब्यात पुन्हा भेटला, आणि त्याचं तिथलं उत्तर पाहून मी चाट पडलो.

जेल रोडला आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत बसतात. तिथल्या दहा संगणकांची देखभाल माझ्याकडे. मशीन जुनीच, एका कंपनीनं बदलून टाकलेल्या लॉटमधून आलेली. विंडोज सातचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये बंद झाले, नवी विंडोज त्यांना झेपेना, तेव्हा सगळ्यांवर लिनक्स टाकलं. फुकट, हलकं, मराठी टायपिंगसकट. मुलं दोन दिवस कुरकुरली आणि मग विसरली. पुढे खजिनदारांनी विजेचं बिल माझ्यापुढे ठेवलं. ‘तुम्ही वीजवाले ना? मग बघा जरा.’

मी प्लगमध्ये लावायचा वॅट मीटर आणला. कोणाच्याही घरात हे छोटं मीटर असावं असं माझं मत आहे. फ्रिजपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत सगळ्यांच्या अब्रूचा पंचनामा होतो. पहिल्या मशीनला लावलं. स्क्रीनवर काही उघडलेलं नाही, कोणी बसलेलं नाही, तर नुसत्या डब्याचे ३३ वॉट. मोठा व्हिडिओ दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलायला लावला तर ७५. काम संपलं की दोन सेकंदांत परत ३३. मॉनिटर वेगळा, १७ वॉट. पंख्याचा आवाज चढतो-उतरतो तसा आकडा चढत-उतरत होता. तिथे कोणी ऑपरेटर नाही, कळव्याहून फोन नाही. मग हा लोड कोण चढवतं आणि कोण उतरवतं?

चिप काम करताना किती वीज खाते ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: घड्याळाचा वेग, म्हणजे ज्याला आपण गिगाहर्ट्‌झ म्हणतो तो, आणि व्होल्टेजचा वर्ग. या ‘वर्गा’त सगळी मेख आहे. वेग कमी केला की चिपला कमी व्होल्टेज पुरतं. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे वीज जवळपास निम्मी. वेग मात्र फक्त पाचव्या हिश्शानं घटला. इतका फायद्याचा सौदा बॉयलरमध्ये कधी बघायला मिळाला नाही.

चिप बनवणाऱ्यांना हे फार आधीपासून माहीत होतं, पण गरज पडली ती लॅपटॉप आल्यावर. जानेवारी २००० मध्ये इंटेलनं लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये ‘स्पीडस्टेप’ आणलं. गिअर दोनच: चार्जर लावलेला असेल तर ६५० मेगाहर्ट्‌झ, बॅटरीवर ५००. त्याच महिन्यात ट्रान्समेटा नावाच्या कंपनीनं कमी विजेवर चालणारी क्रूसो चिप दाखवली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स तेव्हा त्याच कंपनीत नोकरीला होते. डेस्कटॉपवाल्यांना मात्र अजून फिकीर नव्हती. वेग वाढवत न्यायचा, तापली चिप तर मोठा पंखा लावायचा. २००४ साली ही हौस भिंतीवर आदळली. त्या वर्षीचा पेंटियम ४ शंभर वॉटांच्या घरात गेला आणि त्याच्या पुढची ठरलेली चिप इंटेलनं मे महिन्यात रद्दच केली. तेव्हापासून एकाच कोअरचा, म्हणजे चिपमधल्या आकडेमोड करणाऱ्या एककाचा, वेग ताणत नेण्याऐवजी दोन, चार, आठ कोअर द्यायला लागले.

त्याच २००४ साली लिनक्समध्ये ‘ऑनडिमांड’ नावाचा गव्हर्नर आला. तो लिहिणाऱ्यांत प्रमुख होते इंटेलमधले वेंकटेश पल्लीपाडी. आमच्या टर्बाइनलाही गव्हर्नर असतो, तेव्हा ओळख करून घ्यायला वेळ लागला नाही. लिनक्समधला गव्हर्नर म्हणजे कर्नलमधला, लिनक्सच्या गाभ्यातला, छोटा प्रोग्राम. थोड्या थोड्या वेळानं तो बघतो की प्रोसेसर किती टक्के वेळ कामात होता. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की वेग पायरीपायरीनं न वाढवता थेट वरच्या टोकाला नेतो; काम ओसरलं की खाली आणतो. चढताना उडी मारायची, कारण माणूस समोर वाट बघत असतो. या एका निर्णयात मला मोठी समज दिसते. पुढे २०१६ मध्ये ‘शेडयुटिल’ आला. कोणतं काम कोणत्या कोअरवर कधी चालवायचं हे ठरवणारा कर्नलचा जो भाग आहे, त्याच्याकडूनच तो थेट अंदाज घेतो, मागे वळून टक्के मोजत बसत नाही. हा सगळा कोड सांभाळणाऱ्यांत पोलंडचे राफाएल विसोकी आणि आपल्याकडचे विरेश कुमार ही नावं वर्षानुवर्षं दिसतात.

इथे एक खड्डा आहे, तो दाखवून पुढे जातो. गव्हर्नरांच्या यादीत ‘पॉवरसेव्ह’ हे नाव असतं. जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरमध्ये हा निवडला की प्रोसेसर सगळ्यात खालच्या वेगाला खिळतो, मग कितीही काम येऊ दे. इंटेलच्या नव्या ड्रायव्हरमध्ये, जो २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.९ आवृत्तीत आला, ‘पॉवरसेव्ह’ हाच नेहमीचा, गरजेप्रमाणे वरखाली होणारा प्रकार आहे. नाव एक, वागणं दोन. यूट्यूबवर ‘हे करा, लॅपटॉप निम्म्या विजेवर चालवा’ सांगणारे बहुतेक जण हा फरक सांगत नाहीत.

सगळ्यात खालच्या वेगाला खिळवून ठेवण्यात शहाणपण आहे का, तेही मीटरनंच सांगितलं. तोच व्हिडिओ मी वेग बांधून पुन्हा बदलायला लावला. वॉट कमी दिसले, पण काम लांबलं, लांबलंच. प्रोसेसरची बचत होत होती, हे खरं. पण तो जागा आहे तोवर मदरबोर्ड, मेमरी, पंखा, डिस्क, पॉवर सप्लाय हे सगळं खातं जागं राहतं. आणि नव्या चिपमध्ये दुसरी गळती असते: कोअरला व्होल्टेज मिळत असेल तर काम न करताही थोडी वीज झिरपतच राहते. म्हणून बहुतेक वेळा काम झटपट उरकून झोपी जाणं स्वस्त पडतं. सरसकट नाही, हलकं काम तासभर चालणार असेल, गाणी ऐकणं वगैरे, तर मंद वेग बरा. पण ‘मंद म्हणजे बचत’ हे समीकरण डोक्यातून काढा. खरी बचत झोपेत आहे, आणि आता त्या झोपेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण मजा इथेच आहे.

काम नसलेला प्रोसेसर काय करतो? पूर्वीच्या काळी तो रिकाम्या चकरा मारायचा. आजचा झोपतो, आणि झोपेचे मजले असतात. सी शून्य म्हणजे जागा. सी १ म्हणजे घड्याळ थांबवलं, बाकी सगळं तसंच. त्याखालचे मजले जास्त खोल. सी ६ मध्ये कोअरमधली सगळी नोंद बाजूच्या छोट्या मेमरीत उतरवून ठेवतात आणि कोअरचं व्होल्टेज जवळजवळ शून्यावर आणतात. संच पुरता थंड. फरक एवढाच की हा थंड संच परत जागा व्हायला साधारण पन्नास-शंभर मायक्रोसेकंद पुरतात. सी १ मधून तर एक-दोनच. डोळ्याची पापणी लवायला लाखभर मायक्रोसेकंद लागतात, तेवढ्यात हा गडी शेकडो वेळा झोपून उठेल. आम्ही जी गोष्ट अख्ख्या शिफ्टमध्ये करायचो, ती इथे सेकंदात हजारदा होऊ शकते.

पण हिशेब तोच आहे. संच बंद करण्यात आणि पुन्हा चालू करण्यातही तेल-कोळसा जातो, म्हणून कंट्रोल रूममध्ये आम्ही विचारायचो, मागणी किती तासांनी परत चढणार? चार तासांत चढणार असेल तर बंद करू नका, कमी लोडवर धरून ठेवा. प्रोसेसरलाही खोल मजल्यावर उतरायला आणि वर यायला थोडी वीज लागते. तिथे अमुक इतका वेळ झोप मिळाली तरच उतरणं परवडतं. नाहीतर वरच्या मजल्यावर डुलकी काढलेली बरी. तेव्हा दर वेळी कर्नलला भाकीत करावं लागतं, आता किती वेळ कोणी उठवणार नाही?

हे भाकीत करणारी व्यवस्था २००७ मध्ये लिनक्ससाठी तयार झाली. पल्लीपाडी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्या वर्षी कॅनडातल्या ओटावाच्या लिनक्स परिषदेत तिच्यावर निबंध वाचला. काहीही न करण्याचं काम नीट कसं करावं, असा त्याचा मथळा होता. भाकिताची रीत साधी आहे. पुढचा ठरलेला गजर केव्हाचा आहे ते बघायचं. मग मागच्या काही झोपा प्रत्यक्षात किती टिकल्या ते बघायचं, कारण गजराआधीच माऊस हलतो, नेटवर्कवरून काहीतरी येतं. दोन्हींचा मेळ घालून मजला निवडायचा. अंदाज चुकला तर थोडी वीज किंवा थोडा वेळ वाया. २०१९ मध्ये यासाठी आणखी एक पद्धत आली, ती गजरांवर जास्त भर देते. लोड डिस्पॅचवाल्यांचं कौशल्य तरी दुसरं काय असतं? कालची रात्र, परवाची रात्र, सणवार, पाऊस.

आता झोपेतला सगळ्यात मोठा अडथळा सांगतो. लिनक्सचं कर्नल पूर्वी ठरावीक ठेक्यावर चालायचं: सेकंदाला शंभर वेळा, २.६ या मालिकेच्या सुरुवातीला तर हजार वेळा, प्रोसेसरला उठवून ‘काही आहे का?’ विचारायचं. काही नसलं तरीही. सेकंदात हजार वेळा कोणी खांद्याला हलवलं तर खोल मजल्यावर कोण आणि कसं पोचणार? एप्रिल २००७ मध्ये आलेल्या २.६.२१ या आवृत्तीनं हा ठेका मोडला. काम नसेल तर ठोकाच द्यायचा नाही, पुढच्या खऱ्या गजरापर्यंत झोपू द्यायचं. कर्नल असं शहाणं झाल्यावर लगेच दिसलं की वरचे प्रोग्रामच बेशिस्त आहेत. पुढच्याच महिन्यात इंटेलमधल्या आर्यान व्हॅन द व्हेन यांनी ‘पॉवरटॉप’ नावाचं साधन सोडलं. प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा कोण उठवतं याची यादीच ते स्क्रीनवर मांडतं, नावानिशी. लुकलुकणारा कर्सर, मेल आली का बघणारा प्रोग्राम, घड्याळाचं सजावटी चित्र. चव्हाट्यावर नावं आल्यावर एकेका प्रोग्रामच्या लेखकांनी मुकाट्यानं दुरुस्त्या केल्या. कायदा न करता, दंड न आकारता एवढी सुधारणा मी वीज खात्यात पाहिलेली नाही.

अभ्यासिकेतही मी पॉवरटॉप चालवून बघितलं. खिडकीजवळच्या मशीनवर एक मुलगी चालू घडामोडींचं पान वाचत बसली होती. हात गालावर, माऊसला स्पर्श नाही. तरी प्रोसेसर सेकंदाला हजारभर वेळा जागा होत होता. मी स्क्रीनकडे बघत उभा राहिल्यावर ती सावध झाली.

‘काका, मी काहीच डाउनलोड करत नाहीये. वाचतेय नुसती.’

‘तू वाचतेयस गं. पण ती वरची जाहिरात सरकतेय ना, ती त्याला झोपू देत नाही. आणि हे बाकीचे सतरा टॅब कोणाचे?’

‘सकाळच्या बॅचच्या दादाचे असतील.’

सकाळच्या दादाचे टॅब बंद केले. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं. मीटरवर सात-आठ वॉट उतरले आणि पॉवरटॉपच्या यादीत ब्राउझर पहिल्या क्रमांकावरून खाली घसरला. बहुकोअर चिपमध्ये आणखी एक गोम आहे. प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे झोपू शकतो, पण सामाईक भाग, म्हणजे मोठी कॅश आणि मेमरीशी बोलणारी यंत्रणा, तेव्हाच खोल झोपतो जेव्हा सगळे कोअर झोपलेले असतात. एका कोअरला एक सरकती पट्टी पुरे, की सगळं घर जागं.

वाचणाऱ्या माणसासाठी प्रोसेसर जागा का असावा, हा प्रश्न गंभीरपणे घेऊन बनवलेला एक संगणक महाराष्ट्रात येऊन गेला आहे, आणि तो लिनक्सवर चालणारा होता. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट म्हणून छोटी वस्ती आहे. २००७ च्या शेवटाकडे तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हातात ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला या प्रकल्पाचा पहिला प्रयोग तोच. वीज अनियमित आणि महाराष्ट्रभर भारनियमनाचे दिवस. आमच्या नाशिकमध्येही तेव्हा दुकानादुकानांत इन्व्हर्टर होते. या लॅपटॉपची चिप अवघी ४३३ मेगाहर्ट्‌झची आणि अख्खं यंत्र मोजक्या काही वॉटांत चालायचं. त्याच्या रचनेतली खुबी अशी: पडद्यावरचं चित्र टिकवून ठेवायला एक वेगळी छोटी चिप. मूल पान वाचत असेल तेव्हा प्रोसेसर पुरता झोपवता यावा, पडदा मात्र तसाच उजळ. पुढच्या पानाचं बटण दाबलं की प्रोसेसर उठून पान आखून देणार आणि पुन्हा झोपणार. वायरलेसची चिपही प्रोसेसर झोपलेला असताना शेजारच्या लॅपटॉपचे निरोप पुढे पाठवू शकायची. सॉफ्टवेअरची बाजू नीट जमायला वेळ लागला आणि प्रकल्प जगभर गाजावाजा झाला तसा पसरला नाही, त्याची कारणं वेगळी आणि बरीच. पण विजेच्या बाबतीत त्या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या यंत्रात जेवढा विचार होता तेवढा आज आमच्या अभ्यासिकेतल्या एकाही डब्यात नाही.

तो विचार आज फोनमध्ये गेला आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचंच कर्नल असतं. फोनच्या चिपमध्ये काही कोअर दणकट आणि काही काटकसरी. कोणतं काम कोणाला दिलं तर कमी वीज लागेल याचा हिशेब करणारी व्यवस्था २०१९ च्या लिनक्स ५.० मध्ये मूळ कर्नलमध्ये आली. फोन उशाशी ठेवून झोपलात आणि सकाळी बॅटरी तीनचार टक्केच उतरलेली दिसली तर ते याच मंडळींचं काम. आणि दुसऱ्या टोकाला पुण्याच्या सी-डॅकचा परम युवा २ बघा. फेब्रुवारी २०१३ मध्ये तो सुरू झाला. सेकंदाला पाचशे लाख कोटींहून जास्त आकडेमोडी करणारा हा महासंगणकही लिनक्सवरच. त्या वर्षीच्या ‘ग्रीन ५००’ यादीत, म्हणजे दर वॉटमागे किती काम होतं या हिशेबानं लावलेल्या जागतिक यादीत, तो ४४ वा होता. तिथे वीज वाचवणं ही हौस नसते. जितके वॉट आत जातात त्या सगळ्यांची उष्णता होते आणि ती बाहेर काढायला पुन्हा वीज.

हाच न्याय अभ्यासिकेला एप्रिल-मे महिन्यात लागू होतो. दहा मशीन चालू असली की खोलीत छोटा हीटर लावल्यासारखं होतं. त्यात धूळ. एका डब्याचं झाकण उघडलं तर प्रोसेसरवरच्या पंख्याखाली करड्या रंगाचा नमदाच तयार झाला होता, बोटांनी सोलून काढता येईल असा. त्यात कबुतराचं पीसही निघालं. असा तुंबलेला प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःहून वेग छाटतो. मुलं म्हणतात मशीन म्हातारं झालं. ब्लोअर मारला, उष्णता वाहणारी पेस्ट बदलली, मशीन पुन्हा तरुण. याला लिनक्सचं ज्ञान लागत नाही, जुना ब्रश लागतो.

सगळ्यात मोठी बचत मात्र ज्या ठिकाणी हाताला लागली तिथे कोणी बघत नाही. दहा मशीन एकाच लॉटमधली, तरी काही रिकामी असताना ३३ वॉट घ्यायची आणि काही ४८. पॉवरटॉप लावून बघितलं तर ४८ वाली मशीन सी १ च्या खाली उतरतच नव्हती. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरलो. ‘सी-स्टेट’ नावाचा पर्याय बंद! आधीच्या जागी कोणीतरी, बहुधा वेग वाढेल या समजुतीनं, तो बंद करून ठेवलेला. झोपेचे मजलेच कुलूपबंद. मग वर लिनक्सनं कितीही शहाणपणाचं भाकीत केलं तरी उपयोग काय? पर्याय चालू केला, मशीन उठवलं, मीटर बघितला: ३४. एक रुपया खर्च नाही.

हिशेब मांडूनच टाकू. समजा दहाही मशीन तशी असती. एका मशीनमागे साधारण १५ वॉट, म्हणजे दहांमागे १५०. रोज बारा तास, वर्षाचे ३०० दिवस. ५४० युनिट. दहा रुपये युनिट धरा, ५४०० रुपये. खजिनदारांच्या दृष्टीनं उन्हाळ्यातल्या पाण्याच्या जारचा खर्च निघाला. युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरला तर पावणेचारशे किलोच्या वर कोळसा वाचला. ऐकायला बरं वाटतं. पण माझ्यातला एकलहऱ्याचा माणूस लगेच दुसरा भागाकार करतो. २१० मेगावॉटचा संच पूर्ण लोडवर सेकंदाला ५८ युनिट वीज करतो. आमची वर्षभराची बचत म्हणजे एका संचाचं नऊ सेकंदांचं काम.

हे ऐकून खजिनदार हिरमुसले. मला मात्र आकडा आवडला. तो माणसाला जमिनीवर ठेवतो. शिवाय नऊ सेकंद एका अभ्यासिकेचे. जेल रोडवरच अशा किती अभ्यासिका आहेत, कॉलेज रोडला किती, आणि सातपूर-अंबडच्या ऑफिसांतले संगणक तर मोजायलाच नकोत.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. मुलं चहाला जातात तेव्हा चालू राहणारे मॉनिटर ही निव्वळ उधळपट्टी आहे. पाच मिनिटांत स्क्रीन बंद, वीस मिनिटांत सस्पेंड, एवढं सेटिंग करा. सस्पेंडमध्ये आमचं मशीन दोन-तीन वॉट घेतं आणि उठायला चार सेकंद. पॉवरटॉपमध्ये सगळं एकदम ‘चांगल्या’वर ढकलून देण्याची सोय आहे, ती डोळे मिटून वापरू नका, कारण यूएसबीचा माऊसही झोपतो आणि मग पोरं तो टेबलावर आपटतात. लॅपटॉप असेल तर टीएलपी नावाचं साधन टाकून विसरून जा, बारीकसारीक सेटिंग ते स्वतः बघतं. उबुंटू किंवा फेडोरासारखं नवं लिनक्स असेल तर सेटिंगमधल्या ‘पॉवर’च्या पानावर तीन पर्याय असतात, मधला, संतुलित, तोच राहू द्या. गव्हर्नर बदलण्याच्या फंदात पडू नका. त्या लोकांनी वीस वर्षं त्यावर घालवली आहेत.

आणि आपलं मशीन खरंच झोपतं का हे बघायचं असेल तर टर्मिनल उघडून सुडोसह पॉवरटॉप चालवा, दुसऱ्या पानावर ‘आयडल स्टॅट्स’ म्हणून तक्ता आहे, तिथे जा. ब्राउझर बंद ठेवा आणि मिनिटभर कशालाही हात लावू नका. सी ६ किंवा त्याखालच्या ओळीत नव्वदच्या आसपास टक्के दिसले तर मशीन धड आहे. सगळे टक्के सी १ लाच अडकलेले दिसले तर आधी कोण उठवतंय ते पहिल्या पानावरच्या यादीत शोधा. तिथे कोणी सापडलं नाही तर मशीन पुन्हा सुरू करून बायोस उघडा.